साथ, सत्ता आणि राष्ट्राभिमान : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या लाटा ओसरून काही वर्षं झाली, तरी चुकलं कोण हा वाद नागपुरात अजून चालतो. कुणी केंद्राला दोष देतं, कुणी राज्याला, कुणी महापालिकेला, तर कुणी थेट लोकांना. खालची उत्तरं कोणत्याही पक्षाची वकिली करण्यासाठी लिहिलेली नाहीत. वाईट बातमी वस्तीतून निर्णय घेणाऱ्यापर्यंत किती लवकर पोचते आणि ती पोचवणाऱ्याचं पुढे काय होतं, यावर आमचा सगळा भर आहे. साथीतलं राजकारण चांगलं की वाईट हे ओळखायला यापेक्षा भरवशाची खूण आम्हाला सापडलेली नाही.

लोकानुनयी राजकारण म्हणजे फुकट वाटप का?

नाही. साथीच्या काळात मोफत धान्य देणं हे लोकांना घरात थांबता यावं म्हणून केलेलं सार्वजनिक आरोग्याचंच काम आहे. इथे अर्थ वेगळा आहे. ‘खरी जनता’ एका बाजूला आणि तज्ज्ञ, न्यायालयं, पत्रकार, अधिकारी ही ‘वरची मंडळी’ दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी करून ‘जनतेच्या मनातलं फक्त मलाच कळतं’ असं सांगणारं राजकारण, हा तो अर्थ. राष्ट्रवादी राजकारणात मध्यभागी देशाची प्रतिष्ठा असते. दोन्ही एकत्र आले की साथीचा आकडा हा देशाच्या अब्रूचा प्रश्न होतो आणि आकडा सांगणारा विरोधक ठरतो. हे उजव्यांचंच दुखणं आहे असंही नाही. अनेक खंडांतली, वेगवेगळ्या विचारांची उदाहरणं पुढे दिली आहेत.

नेमकं बिघडतं कुठे?

सगळ्यात आधी वेळेत. रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होत असतील, तर आजचे १०० रुग्ण चौदा दिवसांत साधारण २,५०० होतात. ‘घाबरण्याचं कारण नाही’ म्हणत घालवलेल्या दोन आठवड्यांची किंमत पंचवीस पट असते, आणि ती नंतर कितीही कडक लॉकडाऊन लावून वसूल होत नाही.

जुनं उदाहरण १९१८ च्या फ्लूचं. पहिलं महायुद्ध चालू होतं. लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर निर्बंध होते आणि सैन्याचं मनोधैर्य खचेल अशी बातमी छापायची नव्हती. स्पेन तटस्थ असल्यामुळे तिथले पेपर मोकळेपणाने लिहीत होते, म्हणून आजाराला नाव पडलं ‘स्पॅनिश फ्लू’. खरं बोलणाऱ्या देशाच्या माथी आजार मारला गेला तो असा. अमेरिकेत फिलाडेल्फियाला २८ सप्टेंबर १९१८ रोजी युद्धकर्ज रोख्यांसाठी मोठी मिरवणूक निघाली. डॉक्टर धोक्याची सूचना देत होते, पण मिरवणूक रद्द करणं म्हणजे देशभक्तीत कमी पडणं, असं वातावरण होतं. सुमारे दोन लाख लोक रस्त्यावर आले आणि काही दिवसांतच शहरातले दवाखाने भरून गेले. सेंट लुईसने शाळा, नाटकगृहं, सभा लवकर बंद केल्या. तिथला मृत्युदर फिलाडेल्फियापेक्षा बराच कमी राहिला.

दुसरा बिघाड माणसांच्या नेमणुकीत होतो. ब्राझीलमध्ये शारीरिक अंतर पाळण्याबाबत मतभेद झाल्यावर १६ एप्रिल २०२० ला आरोग्यमंत्र्यांना काढलं गेलं. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी महिन्याभरातच, १५ मे रोजी, राजीनामा दिला आणि मग खातं एका लष्करी जनरलकडे गेलं. असं झालं की खालचे अधिकारी पटकन शिकतात. खरा अहवाल पाठवला तर बदली होते, गोड अहवाल पाठवला तर खुर्ची टिकते. वरून लेखी हुकूम काढावाही लागत नाही.

म्हणजे असे सगळे नेते साथ नाकारतात का?

नाही, आणि इथे लोक घाईने निष्कर्ष काढतात. टांझानियात अध्यक्ष मागुफुली यांच्या काळात ५०९ रुग्णांवर आकडा थांबवला गेला आणि पुढे जाहीर करणंच बंद झालं. हा नकार. पण फिलिपिन्समध्ये दुतेर्ते यांनी १ एप्रिल २०२० च्या भाषणात लॉकडाऊनमध्ये गोंधळ घालणाऱ्यांना गोळी घालण्याची भाषा केली. हंगेरीत ३० मार्च २०२० ला मुदत न घालता वटहुकमाने कारभार करण्याचे अधिकार सरकारने घेतले. म्हणजे एक चेहरा नकाराचा आणि दुसरा कडकपणाच्या प्रदर्शनाचा.

भारतात २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता लॉकडाऊन जाहीर झाला आणि चार तासांत लागू झाला. निर्णय धाडसी होता. पण वीटभट्टीवरचा, बांधकामावरचा मजूर उद्यापासून काय खाणार आणि गावी कसा जाणार, याची व्यवस्था त्याच घोषणेत नव्हती. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने हैदराबादकडून आणि मुंबईकडून निघालेले जथे मे महिन्यात इथूनच उत्तरेकडे चालत गेले. पांजरीच्या टोल नाक्यावर त्यांना जेवण, चपला, गाड्या मिळाल्या त्या मुख्यतः नागरिकांच्या आणि संस्थांच्या धडपडीमुळे.

उलटी बाजूही सांगायला हवी. बेल्जियमसारख्या, लोकानुनयी म्हणता येणार नाही अशा सरकारांच्या देशांतही सुरुवातीला मृत्यू खूप झाले. वय, वस्तीची दाटी, वृद्धाश्रम, दवाखान्यांची क्षमता ही सगळी कारणं खरी असतात. नेत्याची शैली हे त्यांतलं एक कारण. मात्र ते बदलणं आपल्या हातात असतं, म्हणून त्यावर बोलायचं.

एखादं औषध नेत्यांच्या तोंडी इतकं का बसतं?

गोळी हातात देता येते, तिचा फोटो निघतो. हवा खेळती ठेवा, मास्क लावा, घरी थांबा, यात देणाऱ्याचं नाव होत नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या मलेरियाच्या गोळीचं तेच झालं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २८ मार्च २०२० ला आणीबाणीची परवानगी दिली आणि १५ जूनला ती मागे घेतली. दरम्यान ल्युपस आणि संधिवाताच्या रुग्णांना रोजची गोळी मिळेनाशी झाली.

आपल्याकडे ही जागा रेमडेसिव्हिरने घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच दाखल रुग्णांमध्ये त्याचा वापर करू नये अशी शिफारस केली होती, कारण तोवरच्या पुराव्यात मृत्यू कमी होताना दिसत नव्हते. तरी एप्रिल २०२१ मध्ये नातेवाईक रात्रभर मेडिकल स्टोअरच्या दारात उभे होते आणि पुढारी ‘मी इतक्या व्हायल आणल्या’ असं सांगत होते. त्याच दिवसांत ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव वाचवतं असं सिद्ध झालेलं डेक्सामेथासोन हे जुनं, काही रुपयांचं औषध सहज मिळत होतं. त्यासाठी कुणाला चिठ्ठी द्यावी लागत नव्हती, म्हणून त्याची बातमीही होत नव्हती.

मृत्यूचा खरा आकडा कसा ओळखायचा?

रोजच्या बुलेटिनवर भांडू नका, एकूण मृत्यू मोजा. पद्धत घरबसल्या जमण्यासारखी आहे.

महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडून २०१५ ते २०१९ या पाच वर्षांतल्या मृत्यूंची महिनावार संख्या घ्या. प्रत्येक महिन्याची सरासरी काढा; एप्रिलची तुलना एप्रिलशीच करायची, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात एरवीही मृत्यू वाढतात. मग साथीच्या वर्षातल्या त्याच महिन्याच्या आकड्यातून ही सरासरी वजा करा. उरतात ते अतिरिक्त मृत्यू. त्यात कोविडने गेलेले येतात, तसेच डायलिसिस चुकल्याने किंवा खाट न मिळाल्याने गेलेलेही येतात.

यात तीन खड्डे आहेत. पहिला: मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि शहरातल्या खासगी दवाखान्यांत छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, गोंदियापासून रुग्ण येतात. म्हणून नागपूरच्या रोजच्या पत्रकात ‘शहर’, ‘ग्रामीण’ आणि ‘जिल्ह्याबाहेरील’ असे वेगळे रकाने असत. नोंदवहीतून आकडे मागताना मृताचा राहता पत्ता हा रकानाही मागा. दुसरा: नोंदणीची नियमित मुदत २१ दिवसांची आहे आणि लाटेत ती बरीच लांबते, त्यामुळे ताज्या महिन्याचा आकडा नेहमी कमी दिसतो. तिसरा: टाळेबंदीत रस्ते अपघात घटतात आणि बेरीज थोडी झाकली जाते.

देशपातळीवर काय दिसलं? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतासाठी २०२०-२१ चे सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू असा अंदाज मांडला. तोवर २०२१ अखेरपर्यंतचा सरकारी कोविड-आकडा सुमारे ४.८ लाख होता. सरकारने अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि त्यातले काही तांत्रिक मुद्दे विचार करण्याजोगे होते. पण देशाच्या नागरी नोंदणीत २०२० मध्ये सुमारे ८१ लाख आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले, आणि २०२१ चा आकडा लोकांसमोर यायला मे २०२५ उजाडलं. आमचा राग अंदाजातल्या फरकावर नाही, या उशिरावर आहे. साथ चालू असताना जो आकडा उपयोगी पडला असता, तो चार वर्षांनी इतिहास म्हणून मिळाला.

आकड्याचा पैशाशीही संबंध असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये नियम झाला की चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, तो दवाखान्याबाहेर झाला तरी, कोविडचा धरायचा. विषबाधा, आत्महत्या, खून, अपघात त्यातून वगळले होते. वारसांना ५० हजार रुपयांचं सानुग्रह साहाय्य ठरलं. महाराष्ट्रात आणि गुजरातेत दाव्यांची संख्या नोंदलेल्या कोविड-मृत्यूंपेक्षा जास्त निघाली.

एखाद्या समाजावर दोष टाकल्याने साथीच्या कामाला नेमका काय धक्का बसतो?

संपर्कशोध मोडतो. हे काम असं चालतं: बाधित माणसाला लक्षणं सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून तो कुणाजवळ, कुठे, किती वेळ होता हे विचारायचं. सहा फुटांच्या आत पंधरा मिनिटांहून जास्त वेळ असलेला माणूस जवळचा संपर्क धरायचा. पुढे त्या प्रत्येकाचं तेच. हे सगळं उभं असतं ते समोरचा माणूस खरी नावं देईल या एका गोष्टीवर. नाव दिलं तर शेजाऱ्याच्या गल्लीला पत्रे ठोकले जातील, मोबाइलवर त्याच्या धर्माचा उद्धार होईल, असं वाटलं की तो ‘कुणालाच भेटलो नाही’ म्हणतो. आशाताईची वही कोरी राहते आणि विषाणू पुढच्या मोहल्ल्यात जातो.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधला तबलीगी जमातचा मेळावा खरोखरच प्रसाराचं एक मोठं केंद्र ठरला. तिथे आलेल्यांचा शोध घेणं आवश्यक होतं. पण ‘मेळाव्यातून प्रसार झाला’ याचं काही दिवसांत ‘यांनी मुद्दाम पसरवला’ झालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं नोंदवलं. महिन्याभराने नागपूर खंडपीठानेही म्यानमारच्या आठ नागरिकांवरचा खटला रद्द केला. निकाल आले तेव्हा भाजीवाल्याला नाव विचारून हाकलण्याचे प्रकार होऊन गेले होते. सतरंजीपुरा आणि मोमिनपुऱ्यात एप्रिल-मे २०२० मध्ये रुग्ण जास्त सापडले, त्याचं साधं उत्तर दाट घरं, सामायिक नळ आणि त्या भागात झालेल्या जास्त चाचण्या हे आहे. जिथे शोधाल तिथे सापडेल.

दारावर पोस्टर लावण्याचंही असंच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली विशिष्ट निर्देश असल्याशिवाय रुग्णाच्या घरावर असं पोस्टर लावू नये.

‘चायनीज व्हायरस’, ‘इंडियन व्हेरिएंट’ म्हटलं तर काय बिघडलं?

पुढच्या वेळी लवकर कळवण्याची इच्छा मरते. डेल्टा ज्या वंशातला, तो बी.१.६१७ भारतात प्रथम आढळला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण अचानक वाढले आणि २२ फेब्रुवारीपासून तिथे लॉकडाऊन लागला, तेव्हा विदर्भातल्या नमुन्यांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. त्याला देशाचं नाव चिकटताच इथे संताप झाला, आणि तो रास्त होता. मग वर्षभर आपणच ‘चायनीज’ म्हणत होतो, त्याला काय म्हणायचं? ३१ मे २०२१ पासून ग्रीक अक्षरं वापरायचं ठरलं ते याचसाठी. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची माहिती तत्परतेने जगाला दिली आणि तिला बक्षीस मिळालं ते विमानबंदीचं.

स्वदेशी लशीचा अभिमान बाळगणं चूक आहे का?

अजिबात नाही. कोव्हॅक्सिनच्या सुरुवातीच्या चाचण्यांसाठी देशात बारा केंद्रं निवडली होती आणि त्यांत नागपूरही होतं. अडचण झाली ती क्रमाची. ३ जानेवारी २०२१ ला तिला परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्यातल्या परिणामकारकतेचे आकडे हाती नव्हते. ज्यांनी ते मागितले, त्यांना देशाच्या शास्त्रज्ञांवर विश्वास नाही असं ऐकावं लागलं. पुढे आकडे आले आणि ७७.८ टक्के परिणामकारकता दिसली. म्हणजे लस चांगलीच होती. थोडं थांबून आकड्यांसह ती लोकांसमोर ठेवली असती, तर सुरुवातीच्या आठवड्यांत आरोग्य कर्मचारीच दंड पुढे करायला कचरले, तसे कचरले नसते. विरोधातल्या काही नेत्यांनी ‘ही अमुक पक्षाची लस आहे, मी घेणार नाही’ म्हटलं, तेही तितकंच घातक होतं.

मग मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाची लस राज्यांनी स्वतः विकत घ्यावी असं धोरण आलं. राज्यं एकमेकांविरुद्ध बाजारात उतरली. सर्वोच्च न्यायालयाने धोरणावर कडक प्रश्न विचारले आणि २१ जूनपासून खरेदी पुन्हा केंद्राकडे आली. प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचा फोटो होता, आणि निवडणूक लागलेल्या राज्यांत आचारसंहितेमुळे तो काढावा लागला. वैद्यकीय कागदाला आचारसंहिता लागू होते, यातच तो कागद वैद्यकीय उरला नव्हता हे दिसतं.

राष्ट्राभिमानाने कधी भलं झालंय का?

पोलिओ. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ‘दो बूंद जिंदगी की’ हा राष्ट्रीय अभिमानाचाच कार्यक्रम होता. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम वस्त्यांत, या थेंबांनी मुलं वांझ होतील, अशी अफवा होती. तिची मुळं १९७६-७७ च्या सक्तीच्या नसबंदीपर्यंत जातात. त्या वर्षी देशात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. तेव्हा त्या वस्त्यांना देशद्रोही ठरवलं गेलं नाही. इमामांकडून आवाहन केलं, वस्तीतल्याच बायकांना घरोघर पाठवलं आणि थेंबांसोबत ताप-जुलाबाची औषधंही नेली. नकार देणारं प्रत्येक घर दारावर खूण करून पुन्हा पुन्हा गाठलं.

याउलट दक्षिण आफ्रिका. वसाहतवादाने होरपळलेल्या देशात अध्यक्ष एम्बेकी यांचा पाश्चात्त्य औषध कंपन्यांवरचा संशय समजण्यासारखा होता. पण त्यापायी एचआयव्हीची औषधं रोखली गेली आणि आरोग्यमंत्री लसूण, बीट, लिंबू सुचवत राहिल्या. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये केलेल्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव टाळता येण्यासारख्या कारणाने गेले.

साथीत आदेश कोण काढतो? कुणाला धरायचं?

दोन कायदे चालतात. साथरोग कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगमधला. त्याच वर्षी पुण्यात सोल्जरांनी घराघरांत घुसून झडत्या घेतल्या आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. सक्ती आणि परकेपणा एकत्र आले की काय होतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. या कायद्याखाली महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये नियम निघाले आणि शहरात महापालिका आयुक्तांना अधिकार मिळाले. दुसरा कायदा २००५ चा, आपत्ती व्यवस्थापनाचा. जिल्ह्यात त्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. आदेशाच्या पहिल्याच परिच्छेदात कायद्याचं नाव आणि कलम असतं. ते पाहून तक्रार कुठे करायची ते ठरवा.

२०२० मध्ये नागपुरात आयुक्त आणि नगरसेवक यांच्यात उघड संघर्ष झाला. आमच्या मते कडक अधिकारी आणि निवडून आलेले प्रतिनिधी, दोघंही लागतात. कुठल्या गल्लीत पाणी येत नाही हे नगरसेवकाला ठाऊक असतं. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर काही वर्षं इथे प्रशासकच होता. त्या काळात मोठी साथ आली असती, तर हा दुवाच नसता.

‘विदर्भावर अन्याय’ ही ओरड खरी की राजकारण?

कधी खरी, कधी नाही. वाटपाचं सूत्र मागितल्याशिवाय कळत नाही. एप्रिल २०२१ मध्ये शहर-जिल्ह्यात दिवसाला ७ हजारांवर रुग्ण सापडत होते. तेव्हा नागपूर खंडपीठाला रेमडेसिव्हिरच्या १० हजार व्हायल नागपूरला देण्याचा आदेश काढावा लागला. आदेशाने तुटवडा संपत नाही, तो दुसऱ्या जिल्ह्याकडे सरकतो. म्हणून सूत्र महत्त्वाचं.

ऑक्सिजनचं गणित पाहा. मिनिटाला १० लिटर घेणाऱ्या रुग्णाला दिवसाला १४,४०० लिटर लागतात, म्हणजे साधारण ७ हजार लिटरचे दोन जम्बो सिलिंडर. हाय-फ्लो मशीनवर ६० लिटर चालू असेल तर बारा. त्यामुळे वाटप लोकसंख्येवर किंवा पालकमंत्र्यांच्या वजनावर न होता ऑक्सिजनवरचे, हाय-फ्लोवरचे आणि व्हेंटिलेटरवरचे रुग्ण मोजूनच व्हायला हवं. नागपूरला भिलाईहून टँकर येत होते आणि २३ एप्रिलच्या सुमारास विशाखापट्टणमहून आलेल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे तीन टँकर इथे उतरले. ‘आधी आमचं राज्य’ असं छत्तीसगडने म्हटलं असतं तर?

सण-सभा बंद करणं धर्माविरुद्ध जात नाही का?

लोकांनी स्वतःहून केलं तर नाही. २०२० च्या दसऱ्याला दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा स्मारक समितीने रद्द केला. त्याच दिवशी रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव सभागृहात अवघ्या ५० स्वयंसेवकांत झाला. आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. श्रद्धा कुणाची कमी झाली नाही. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये हरिद्वारचा कुंभ, पश्चिम बंगालमधल्या आठ टप्प्यांच्या प्रचारसभा आणि आपल्याकडे पंढरपूरची पोटनिवडणूक हे सगळं लाट चढत असताना पार पडलं. पहिल्या लाटेनंतर ‘आपण जिंकलो’ हे वाक्य सत्ताधाऱ्यांना इतकं आवडलं की ते मागे घेणं जड गेलं.

पुढच्या साथीत एक साधा नागरिक काय विचारू शकतो?

आपल्या झोन ऑफिसला (शहरात दहा झोन आहेत) दर आठवड्याला चार आकडे विचारा: किती चाचण्या झाल्या, त्यांतल्या किती टक्के पॉझिटिव्ह आल्या, ऑक्सिजनच्या किती खाटा रिकाम्या आहेत, आणि सर्व कारणांचे मिळून किती मृत्यू नोंदले गेले. पॉझिटिव्हचं प्रमाण ५ टक्क्यांच्या वर राहत असेल, तर चाचण्या कमी पडत आहेत असं समजा. रुग्णसंख्या घटल्याचं सांगताना चाचण्याही घटल्या का, हे पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती कुणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ४८ तास, मात्र तसं अर्जात स्पष्ट लिहून कारण द्यावं लागतं. उत्तर न आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. ‘साथ हाताळण्यात काय चुका झाल्या?’ असं विचारलं तर अर्ज फेटाळला जाईल, कारण मत मागता येत नाही. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत झोननिहाय, दिवसनिहाय मृत्यू नोंदणीच्या संख्येची प्रत द्यावी’ असं लिहा.

आणि तुमच्या वस्तीतली आशाताई किंवा एएनएम सिस्टर ‘इथे ताप वाढलाय’ असं म्हणाली, तर ते तिच्या नावाशिवाय, तारीख आणि घरांची संख्या टाकून झोनच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तिची नोकरी मानधनावर असते. तिला पुढे करू नका, स्वतः पुढे व्हा.